सिफिलिसच्या जिवाणूची लिपोप्रोटिने: निवडीपासून जागेच्या पुराव्यापर्यंत

ट्रेपोनेमा पॅलिडम हा सिफिलिसचा जिवाणू शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ मध्ये दाखवला. तरीही त्याच्या पृष्ठभागावर नेमकी कोणती प्रोटिने आहेत, यावर आजही वाद होतात. या वादांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. या जिवाणूचे बाह्यपटल इतके नाजूक आहे की नमुना हाताळतानाच ते फाटते, आणि आत दडलेली लिपोप्रोटिने (मेद जोडलेली प्रोटिने) बाहेरची म्हणून नोंदली जातात. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर कृतीइतकीच जागा कंट्रोल्सना दिली आहे. कंट्रोल नसलेला सुंदर ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रोटिने पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याचा प्रयोग) या विषयात काहीही सिद्ध करत नाही.

रचना डोक्यात पक्की हवी

ई. कोलायचे चित्र इथे जसेच्या तसे लावू नका. ट्रेपोनेमाला दोन पटले आहेत, पण बाह्यपटलात एलपीएस (लिपोपॉलीसॅकराइड) नाही. पेप्टिडोग्लायकनचा (जिवाणूला आकार देणाऱ्या जाळीचा) थर बाह्यपटलाला चिकटलेला नसून आतल्या पटलाच्या जवळ आहे आणि फ्लॅजेला (हालचालीचे तंतू) दोन पटलांच्या मधल्या पोकळीत फिरतात. बाह्यपटलाला आतून आधार जवळपास नसल्यामुळे सेंट्रीफ्यूज, वारंवार पिपेटिंग किंवा थोडेसे डिटर्जंट एवढ्यानेही ते सुटते. १९८९ मध्ये फ्रीझ-फ्रॅक्चर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने पाहिले तेव्हा बाह्यपटलात प्रोटीनचे कण अगदी विरळ दिसले.

लिपोप्रोटिने मात्र भरपूर आहेत. जनुकसंचावरून त्यांची संख्या चाळीसच्या पुढे जाते. त्यांतली बहुसंख्य आतल्या पटलाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे दोन पटलांमधल्या पोकळीकडे तोंड करून रुतलेली असतात. याला कारण आहे. या जिवाणूचा जनुकसंच जेमतेम ११.४ लाख बेसजोड्यांचा आहे. क्रेब्स चक्र नाही, बहुतेक अमिनो आम्ले आणि न्यूक्लिओटाइड स्वतः बनवता येत नाहीत. सगळे यजमानाकडून ओढून घ्यावे लागते आणि ओढून घेणाऱ्या यंत्रणेचे पकडणारे भाग बऱ्याचदा लिपोप्रोटिने असतात.

टीपी४७ या लिपोप्रोटीनचे उदाहरण कायम समोर ठेवा. सर्वांत मुबलक आणि रुग्णांच्या सीरममध्ये ठळक प्रतिसाद देणारे हे प्रोटीन १९८० च्या दशकात पृष्ठभागावरचे मानले गेले होते. नंतर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत ते बाह्यपटलाच्या आत असल्याचे दिसले, आणि ते पेनिसिलिनला बांधणारे प्रोटीन आहे हेही कळले. रुग्णाच्या शरीरात एखाद्या प्रोटीनविरुद्ध भरपूर अँटिबॉडी आहेत म्हणून ते प्रोटीन पृष्ठभागावर आहे, असे म्हणता येत नाही. मेलेल्या, फुटलेल्या जिवाणूंमधूनही प्रतिकारशक्तीला ते भेटते.

कोणते प्रोटीन घ्यायचे

निकोल्स या ट्रेपोनेमाच्या स्ट्रेनचा जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो पुन्हा वाचून चुका दुरुस्त केल्या गेल्या, म्हणून अनुक्रम घेताना दुरुस्त आवृत्तीच घ्या. जुन्या आवृत्तीत काही जनुकांचा आरंभ चुकीच्या मेथिओनिनवर दाखवलेला आहे. आरंभ चुकला की सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पटलाकडे नेणारा आणि नंतर कापला जाणारा सुरुवातीचा तुकडा) लांब किंवा आखूड दिसते आणि लिपोप्रोटीन ओळखणारे सॉफ्टवेअर ते सोडून देते. शंका आली तर वरच्या बाजूचे ६० ते ९० बेस तपासा, दुसरा आरंभकोडॉन सापडतो का पाहा.

लिपोबॉक्स म्हणजे सिग्नल पेप्टाइडची शेवटची तीन अमिनो आम्ले आणि त्यांच्या लगेच पुढचे सिस्टीन, अशी चार अमिनो आम्ले. ई. कोलायमध्ये ती साधारण ल्युसिन, मग अॅलॅनिन किंवा सेरिनसारखे काहीतरी, मग ग्लायसिन किंवा अॅलॅनिन आणि शेवटी सिस्टीन अशी असतात. सिस्टीन अढळ असते, कारण मेद त्यालाच लागतो. स्पायरोकीटमध्ये मात्र सिस्टीनच्या आधीच्या तीन जागा बऱ्याच सैल असतात. त्यामुळे लायपो-पी या एकट्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. तेच अनुक्रम सिग्नल-पी ६.० आणि खास स्पायरोकीटसाठी बनवलेल्या एसपीलिपमधूनही काढा. तिन्हींचे उत्तर जुळले तर पुढे जा. जुळले नाही तर डोळ्यांनी पाहा: सुरुवातीला लायसिन किंवा आर्जिनिन आहे का, मग दहा-पंधरा पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा पट्टा आहे का, आणि त्यानंतर सिस्टीन येते का. उलट दिशेनेही सावध राहा. ट्रोए (टीपी०१६३) हे धातू बांधणारे प्रोटीन पटलाला चिकटून असते, पण लिपोप्रोटीन नाही.

नवख्यांनी सुरुवात टीपी४७ (टीपी०५७४), टीपी१७ (टीपी०४३५) किंवा टीपी१५ (टीपी०१७१) यांपैकी एकापासून करावी; कंसात जनुकाचा क्रमांक आहे. त्यांची वर्तणूक ठाऊक आहे आणि अँटिबॉडी मिळतात. कार्यावर काम करायचे असेल तर प्युरीन न्यूक्लिओसाइड पकडणारे पीएनआरए (टीपी०३१९, जुने नाव टीएमपीसी), ग्लुकोज-गॅलॅक्टोजचे एमजीएलबी (टीपी०५४५), मेथिओनिनचे टीपी३२ (टीपी०८२१) आणि लॅक्टोफेरिन व धातूंशी जोडलेले टीपी३४ (टीपी०९७१) ही चांगली उमेदवार आहेत. चिकटण्याशी संबंध सांगितलेली टीपी०७५१ आणि टीपी०१३६ आकर्षक आहेत, पण तिथे जागेचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. पहिलाच प्रकल्प त्यांवर घेऊ नये.

खरा जिवाणू लागतोच तेव्हा

रिकॉम्बिनंट (ई. कोलायमध्ये बनवलेल्या) प्रोटिनांवर बरेच काम होते, पण जागेचा पुरावा ट्रेपोनेमाशिवाय मिळत नाही. आधी एकच मार्ग होता: सशाच्या वृषणात वाढवणे. २०१८ मध्ये सशाच्या एसएफ१ईपी पेशींसोबत सतत वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तापमान ३४ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन १.५ टक्के, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, बाकी नायट्रोजन, आणि टीपीसीएम-२ हे माध्यम. दुप्पट व्हायला दीड दिवसाच्या आसपास लागतो, साधारण आठवड्याने नव्या पेशींवर न्यावे लागते. माध्यम आदल्या दिवशीच कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून समतोलात आणा. ताज्या बाटलीतले माध्यम थेट वापरले तर हालचाल झपाट्याने मंदावते.

पेशींपासून जिवाणू सोडवताना ट्रिप्सिन वापरू नका. ईडीटीए असलेले ट्रिप्सिनविरहित द्रावण वापरा. ज्या पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तोच ट्रिप्सिनने कुरतडला गेला तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. मग १०० ते २०० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) ५ मिनिटे फिरवून सशाच्या पेशी खाली बसवा आणि वरचे द्रव घ्या. डार्कफील्ड सूक्ष्मदर्शीखाली मोजा, आणि सोबत किती टक्के हलत आहेत तेही लिहा. ९० टक्क्यांपेक्षा कमी हलणारा नमुना जागेच्या प्रयोगाला घेऊ नका. डिटर्जंट-विभाजनासाठी मात्र चालतो.

जास्त वेगाने (१२,००० ते २०,००० जी) बसवलेला पेलेट (तळाचा गोळा) लाइसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) आणि ब्लॉटसाठी ठीक आहे. पण बाह्यपटल तिथेच बऱ्यापैकी फाटलेले असते, म्हणून तोच पेलेट उचलून पृष्ठभागाचे डाग काढू नका. सशाचे अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन जिवाणूला घट्ट चिकटतात. संवर्धनातून आलेल्या नमुन्यात गायीच्या सीरमची प्रोटिने असतात. संसर्ग न झालेल्या पेशींचा तसाच तयार केलेला नमुना शेजारच्या लेनमध्ये हवाच.

सुरक्षितता: जैवसुरक्षा पातळी २, हातमोजे, कॅबिनेट. मुख्य धोका टोचण्याचा आहे, म्हणून सुया आणि काचेच्या पट्ट्या शक्य तितक्या टाळा. टोचलेच तर जखम धुवून लगेच आरोग्य विभागाला कळवा. तपासणी आणि पेनिसिलिनचा निर्णय डॉक्टर घेतील, पण घटना लपवणे अक्षम्य आहे.

ई. कोलायमध्ये बनवताना दोन वेगळी रूपे लागतात

एकच क्लोन करून दोन्ही कामे भागवण्याचा मोह होतो, आणि तिथेच वेळ वाया जातो.

पहिले रूप मेदाशिवायचे, पाण्यात विरघळणारे. सिस्टीननंतरच्या अमिनो आम्लापासून पुढचा भाग घ्या. म्हणजे सिग्नल पेप्टाइडही नाही आणि लिपोबॉक्समधले सिस्टीनही नाही. पीईटी-२८ए प्लाझमिड, एन-टोकाला (प्रोटीनच्या सुरुवातीला) हिस्टिडिन टॅग, ई. कोलायचा बीएल२१(डीई३) स्ट्रेन एवढे पुरते. ट्रेपोनेमा पॅलिडमचे जीसी प्रमाण सुमारे ५३ टक्के असल्यामुळे कोडॉनचा त्रास सहसा होत नाही. ३७ अंशांवर ओडी (द्रवाची गढूळता) ०.६ पर्यंत वाढवा, मग १८ अंशांवर आणून ०.३ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारे रसायन) घाला आणि रात्रभर ठेवा. लाइसिस बफर ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर इमिडाझोल. धुण्यासाठी इमिडाझोल २० ते ३०, सोडवण्यासाठी २५० मिलिमोलर. शेवटी जेल फिल्ट्रेशन वगळू नका. उरलेल्या सिस्टीनांमुळे जोड्या तयार होणाऱ्या प्रोटिनांत रिड्यूसिंग आणि नॉन-रिड्यूसिंग दोन्ही जेल चालवून पाहा, नाहीतर एकाच प्रोटीनच्या दोन पट्ट्या पाहून नमुना अशुद्ध आहे असे वाटेल.

दुसरे रूप मेद लागलेले. इथे जनुक पूर्ण घ्यायचे, ट्रेपोनेमाच्या स्वतःच्या सिग्नल पेप्टाइडसह. टॅग सी-टोकालाच (प्रोटीनच्या शेवटालाच) हवा. एन-टोकाला लावला तर सिग्नल पेप्टाइडसोबत तो कापला जातो आणि कॉलममध्ये काहीच अडकत नाही. ई. कोलायची एन्झाइमे (मेद जोडणारे एलजीटी, सिग्नल कापणारे एलएसपीए आणि तिसरी साखळी जोडणारे एलएनटी) परक्या लिपोप्रोटीनवरही काम करतात, पण त्यांची क्षमता मर्यादित असते. आयपीटीजीने जोरात प्रेरणा दिली तर न कापलेले, मेद नसलेले प्रोटीन पटलात साचते आणि पेशी मरतात. सी४१ किंवा सी४३(डीई३) स्ट्रेन घ्या, आयपीटीजी ०.०५ ते ०.१ मिलिमोलर, तापमान २५ अंश, वेळ ३ ते ४ तास. उत्पादन कमी येईल, ते स्वीकारा. प्रेरणेनंतर ओडी घसरत असेल तर प्रोटीन पेशीला मारत आहे, आणि अशा वेळी आयपीटीजी वाढवणे हा उपाय नव्हे.

ट्रायटन एक्स-११४ ने विभाजन

ही या क्षेत्रातली कणा असलेली पद्धत आहे, आणि ती सोपी दिसते म्हणूनच बिघडते. ट्रायटन एक्स-११४ थंडीत पाण्यात एकजीव असते. २० ते २२ अंशांच्या वर ते वेगळे होते. पटलाला रुतणारी प्रोटिने डिटर्जंटमध्ये जातात, पाणी आवडणारी पाण्यात राहतात.

बाटलीतले डिटर्जंट तसेच वापरू नका. त्यात पाण्यात राहणारे अंश असतात, ते विभाजन धूसर करतात. थंड बफरमध्ये (१० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड) २ टक्के द्रावण बर्फावर पूर्ण विरघळवा, ३० ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, वरचा पाण्याचा थर काढून टाका आणि तेवढाच थंड बफर घाला. असे तीनदा. खाली उरलेला दाट थर सुमारे ११-१२ टक्के ट्रायटनचा असतो. तो ४ अंशांवर ठेवा.

नमुन्याची कृती अशी:

१. सुमारे १० चा ९ वा घात इतके ट्रेपोनेमा, किंवा ई. कोलायचा २० ते ५० मिलिग्रॅम ओला पेलेट, १ मिली बर्फगार बफरमध्ये घ्या. प्रोटिएज इनहिबिटर घाला. ई. कोलाय आधी सोनिकेट करा. ट्रेपोनेमाला त्याची गरज नाही.

२. ट्रायटनचा दाट थर अंतिम १ ते २ टक्के होईल इतका मिसळा. ४ अंशांवर १ ते २ तास हळू फिरवत ठेवा. फेस नको.

३. ४ अंशांवर १५,००० जीने १५ मिनिटे फिरवा. खाली बसलेला भाग फेकू नका. त्यात पेप्टिडोग्लायकनचा सांगाडा, फ्लॅजेला आणि न विरघळलेली प्रोटिने आहेत. तो तिसरा भाग म्हणून ठेवा.

४. वरचे द्रव ३७ अंशांच्या पाण्यात १० मिनिटे ठेवा. ते दुधाळ झाले पाहिजे.

५. २५ ते ३० अंशांवर १०,००० जीने ५ मिनिटे फिरवा. सेंट्रीफ्यूज थंड असेल तर सगळे पुन्हा एकजीव होईल, म्हणून रोटर आधीच गरम ठेवा. तळाशी तेलासारखा थेंब दिसतो, तो डिटर्जंटचा थर.

६. वरचा पाण्याचा थर हलक्या हाताने काढा, थराच्या सीमेजवळचे शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून द्या. डिटर्जंटच्या थेंबात थंड बफर घालून मूळ आकारमानाला आणा, बर्फावर स्वच्छ होईपर्यंत ठेवा आणि चौथी-पाचवी पायरी परत करा. पाण्याच्या थरात ताजे ट्रायटन घालून तेच करा. दोन्ही थर किमान तीनदा धुतले गेले पाहिजेत.

७. दोन्ही भागांचे आकारमान सारखे करा. मगच जेलवर सारखेच मायक्रोलिटर भरा. हे केले नाही तर लहान थेंबातले प्रोटीन दहापट दाट असते आणि तुलनाच चुकते.

८. दाट करायचे असेल तर ९ आकारमान उणे २० अंशांचे अॅसिटोन घालून रात्रभर ठेवा. पेलेट पूर्ण कोरडा करू नका, मग तो विरघळतच नाही.

द्रव दुधाळ झाले नाही तर बफर तपासा. एसडीएस किंवा पित्ताम्लासारखे डिटर्जंट शिरले असेल तर वेगळे होण्याचे तापमान वर जाते. उलट मीठ जास्त असले किंवा ग्लिसरॉल उरले असेल तर ते इतके खाली येते की बर्फातून बाहेर काढताच गढूळ होते आणि तिसऱ्या पायरीतच थर पडतात. ग्लिसरॉलमध्ये साठवलेले जिवाणू म्हणूनच आधी धुऊन घ्यावेत. प्रत्येक वेळी एका वेगळ्या ट्यूबमध्ये बोव्हाइन अल्ब्युमिन घेऊन तीच कृती करा. ते पाण्यातच राहिले पाहिजे. थेंबात आले तर धुणे कमी पडले आहे.

निकाल वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. थेंबात सापडलेले प्रोटीन पाण्याला टाळणारे आहे, एवढेच कळले. ते बाह्यपटलात आहे की आतल्या, हे या प्रयोगाने समजत नाही. आणि मोठ्या पाणीप्रेमी भागाचे लिपोप्रोटीन कधी पाण्याच्या थरातही सापडते, म्हणजे तिथे दिसले म्हणून मेद नाहीच असेही नाही.

प्रोटीन मोजताना २८० नॅनोमीटरवर वाचू नका. ट्रायटनमध्ये बेंझिनचे वलय आहे, तेच शोषून घेते. ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीलाही डिटर्जंट चालत नाही. बीसीए ही चाचणी वापरा, थोडे एसडीएस घालून, म्हणजे ३७ अंशांवर गढूळ होणार नाही. टीपी१५ आणि टीपी१७ साठी १५ टक्के जेल, ०.२ मायक्रोमीटरचा पीव्हीडीएफ पडदा आणि कमी वेळाचे ट्रान्सफर घ्या, नाहीतर ती आरपार जातात. नमुना उकळण्याऐवजी ७० अंशांवर १० मिनिटे ठेवा. पाणी टाळणारी प्रोटिने उकळताना गोळा होऊन विहिरीतच अडकतात.

मेद खरोखर लागला आहे का

सिस्टीन पाहून अंदाज बांधणे हा पुरावा नव्हे. सर्वांत स्वच्छ उत्तर मास स्पेक्ट्रोमेट्री देते. दोन पामिटेट असलेला डायअॅसिलग्लिसरिल गट लागला तर परिपक्व साखळीचे वजन सुमारे ५५१ डाल्टनने वाढते. एन-टोकाला तिसरे पामिटेट लागले तर आणखी २३८, म्हणजे एकूण ७८९. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रोटीनमध्ये साखळ्या एकसारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे एका टोकदार शिखराऐवजी २८ किंवा १४ डाल्टनच्या फरकाने पसरलेली शिखरे दिसतात. तो बिघाड नाही.

मास स्पेक्ट्रोमेट्री हाताशी नसेल तर ग्लोबोमायसिन वापरा. ते एलएसपीएला थांबवते. ई. कोलायला ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली दिल्यावर न कापलेले रूप साचते आणि ब्लॉटवर दीड-दोन किलोडाल्टन वर दुसरी पट्टी येते. सोबत सिस्टीनच्या जागी सेरिन घातलेला म्युटंट चालवा. त्यात मेद लागत नाही आणि ग्लोबोमायसिनने फरकही पडत नाही. मोठ्या प्रोटीनमध्ये हा फरक दिसत नाही, म्हणून टीपी४७ साठी लांब जेल लागते.

ट्रेपोनेमामध्ये थेट दाखवायचे असेल तर ट्रिशियम असलेले पामिटेट ही जुनी पद्धत चालते, पण फिल्म आठवडेच्या आठवडे उणे ८० अंशांवर ठेवावी लागते. अल्काइन असलेले मेदाम्ल देऊन क्लिक रसायनाने चमकणारा रंग जोडणे आता सोयीचे आहे. दोन्ही वेळा नमुना क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने नीट धुवा. नुसता चिकटलेला मेद धुतला गेला नाही तर सगळी लेन उजळते.

जागा: इथे घाई केली की सगळे जाते

तीन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय एखादे लिपोप्रोटीन पृष्ठभागावर आहे असे लिहू नका.

पहिला, न फोडलेल्या जिवाणूवर अँटिबॉडी. काचेवर वाळवलेले किंवा मिथेनॉलने स्थिर केलेले जिवाणू इथे निरुपयोगी आहेत, त्यांचे बाह्यपटल आधीच गेलेले असते. जेल मायक्रोड्रॉपलेटची पद्धत वापरा. जिवंत जिवाणू कमी तापमानाला वितळणाऱ्या अॅगरोजच्या सूक्ष्म थेंबांत अडकवतात, त्यामुळे धुताना त्यांना धक्का बसत नाही. अगरोज ३७-३८ अंशांच्या वर मिसळू नका, धुण्यासाठी २०० जीपेक्षा जास्त वेग नको. अॅगरोजमधून अँटिबॉडी सावकाश झिरपते, म्हणून ३४ अंशांवर २ तास द्या. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा: एक तसाच, दुसऱ्यात ०.०५ ते ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१००. दोन्हींत फ्लॅजेलाविरुद्धची अँटिबॉडी वेगळ्या रंगाने घाला. फ्लॅजेला बाह्यपटलाच्या आत आहेत, म्हणून न फोडलेल्या जिवाणूवर तो रंग दिसता कामा नये. ज्या पेशीवर दिसला ती पेशी मोजणीतून वगळा. तुमच्या प्रोटीनचा रंग फक्त फ्लॅजेला दिसणाऱ्या पेशींवरच येत असेल, तर प्रोटीन आत आहे.

दुसरा, प्रोटीनेज के हे प्रोटिने कापणारे एन्झाइम. जिवंत जिवाणूंना ०, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी चढती मात्रा ३४ अंशांवर ३० मिनिटे द्या, मग पीएमएसएफ या इनहिबिटरने थांबवा आणि लगेच नमुना बफरमध्ये ७० अंशांवर घ्या. थांबवण्यात उशीर झाला तर पेशी फुटल्यावर एन्झाइम आतली प्रोटिनेही खाते. एका नमुन्यात आधीच ट्रायटन घाला. तिथेही तुमचे प्रोटीन टिकले तर ते मुळातच कापले जात नाही, आणि न फोडलेल्या पेशींत ते टिकले याला काहीच अर्थ उरत नाही. फ्लॅजेलाचे प्रोटीन न फोडलेल्या पेशींत शाबूत राहिले पाहिजे.

तिसरा पुरावा कार्याचा: अँटिबॉडी घातल्यावर मॅक्रोफेज जिवाणूला जास्त गिळतात का. आतल्या प्रोटीनविरुद्धची अँटिबॉडी इथे फरक पाडत नाही.

बाह्यपटलात असणे आणि बाहेर उघडे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टीपी०४५३ बाह्यपटलाच्या आतल्या पदराशी जोडलेले आहे, पण बाहेरून अँटिबॉडीला सापडत नाही. निष्कर्ष लिहिताना नेमके काय दाखवले ते तेवढेच लिहा.

अँटिबॉडी बनवण्याआधी सशाचे आधीचे रक्त ट्रेपोनेमाच्या लाइसेटवर तपासा. सशांना स्वतःचा ट्रेपोनेमाचा रोग असतो आणि त्यांच्या अँटिबॉडी सगळीकडे जुळतात. शंका असेल तर उंदीर (माउस) किंवा रॅट वापरा. तयार सीरम ई. कोलायच्या लाइसेटमध्ये शोषून घ्या.

दाह मोजताना एलपीएसचा सापळा

लिपोप्रोटीनमधला मेद टीएलआर-२ या प्रतिकारशक्तीच्या ग्राहीला जागे करतो. अडचण अशी की ई. कोलायमधून आलेल्या नमुन्यात एलपीएस असते, आणि ते टीएलआर-४ ला अत्यल्प मात्रेतही जागे करते. मेद नसलेल्या प्रोटीनमधून एलपीएस काढायला ट्रायटन एक्स-११४ उत्तम, कारण एलपीएस थेंबात जाते आणि प्रोटीन पाण्यात राहते. पण मेद लागलेले प्रोटीन स्वतःच एलपीएससोबत थेंबात जाते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. एलपीएस बदललेले क्लिअरकोली स्ट्रेन वापरा, आणि तरीही ई. कोलायची स्वतःची लिपोप्रोटिने सोबत येतात हे विसरू नका. म्हणून रिकाम्या प्लाझमिडच्या पेशींमधून तीच शुद्धीकरणाची कृती करून मिळालेला नमुना, तितक्याच आकारमानात, प्रत्येक प्लेटवर हवा.

टीएलआर-२ असलेल्या एचईके-२९३ (मानवी) पेशी, टीएलआर-४ असलेल्या पेशी, दोन्ही नसलेल्या मूळ पेशी, धन कंट्रोल म्हणून पॅम३सीएसके४ हे कृत्रिम लिपोपेप्टाइड (१०० नॅनोग्रॅम प्रति मिली) आणि शुद्ध एलपीएस एवढे एकत्र चालवा. पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीने टीएलआर-४ पेशींतला एलपीएसचा प्रतिसाद दबला पाहिजे आणि टीएलआर-२ पेशींतला लिपोप्रोटीनचा टिकला पाहिजे. ट्रायटन पेशींना मारते, म्हणून आधी कॉलमवरच ऑक्टिल ग्लुकोसाइडमध्ये बदला. त्याची मायसेल सांद्रता २० ते २५ मिलिमोलर इतकी जास्त असल्याने डायलिसिसने ते निघून जाते. शेवटी फक्त बफर असलेली विहीरही ठेवा.

रुग्णांच्या सीरमसोबत

निदानासाठी मेद नसलेले रूपच घ्या. कोटिंग पीएच ९.६ च्या कार्बोनेट बफरमध्ये १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४ अंशांवर रात्रभर. सीरम १:१०० पासून. टीपी१५, टीपी१७, टीएमपीए (४४.५ किलोडाल्टन) आणि टीपी४७ ही चार प्रोटिने वेस्टर्न ब्लॉटच्या वाचनात वापरली जातात. यांपैकी एकही सिफिलिसला यॉज, बेजेल किंवा पिंटा या ट्रेपोनेमाच्याच इतर रोगांपासून वेगळे करत नाही, कारण त्या जिवाणूंची ही प्रोटिने जवळपास सारखी आहेत. तसेच या अँटिबॉडी उपचारानंतरही वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून पॅनेल निवडताना आधी बरे झालेल्या रुग्णांचे सीरम वेगळ्या गटात नोंदवा आणि कट-ऑफ ठरवताना त्यांना निरोगी गटात मिसळू नका.